मॅकबेथची फोल्जर आवृत्ती: नाटकवाल्या ग्रुपनी नक्की घ्यावी

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ ला जळालं तेव्हापासून आमच्या हौशी ग्रुपचं काही धड उभंच राहत नव्हतं, माणसं पांगलेली, तालमीला जागा नाही, म्हणून ठरवलं की प्रयोगाचं नंतर बघू, आधी एक मोठं नाटक सगळ्यांनी बसून वाचायचं. शेक्सपियरचं मॅकबेथ निघालं. शिरवाडकरांनी त्यावरून केलेलं राजमुकुट बऱ्याच जणांनी वाचलेलं होतं त्यामुळे गोष्ट माहीत होती, पण मूळ इंग्लिशला हात घालायला सगळेच बिचकत होते. बरीच चौकशी करून शेवटी फोल्जर शेक्सपियर लायब्ररीची पेपरबॅक मागवली, बार्बरा मोवॅट आणि पॉल वर्स्टीन ह्यांनी संपादित केलेली.

ह्या पुस्तकाची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे पानांची मांडणी. उजव्या पानावर नाटक आणि समोरच डाव्या पानावर त्याच ओळींमधल्या अवघड शब्दांचे अर्थ. ऐकायला साधं वाटतं, पण गोल करून मोठ्यानं वाचताना ह्याचा जो उपयोग होतो तो काय सांगू, मागची पानं उलटत बसायला लागत नाही, वाचणारा थांबत नाही, शेजारचा हळूच अर्थ सांगतो आणि पुढं. प्रत्येक प्रवेशाचा छोटा सारांश पण दिलाय. अजून एक आवडलं, हे नाटक छापून आलं तेच शेक्सपियर गेल्यावर ७ वर्षांनी, १६२३ च्या फोलिओमध्ये, म्हणजे त्याच्या नाटकांच्या मोठ्या संग्रहात, त्याआधीची छापील प्रत नाहीच, तर त्या मजकुरात संपादकांनी जिथं जिथं बदल केलाय तिथं छोटे कंस टाकून दाखवलंय. लपवाछपवी नाही.

आता खरी गोष्ट. वाचन सुरू केलं तेव्हा ग्रुपमधल्या निम्म्या लोकांचं मत होतं की त्या तीन चेटकिणींनीच बिचाऱ्या मॅकबेथचं वाटोळं केलं, आणि उरलेल्यांचं म्हणणं, बायकोनं केलं. ओळ न् ओळ अर्थ लावून वाचल्यावर दोन्ही मतं टिकत नाहीत. चेटकिणी त्याला काय म्हणतात बघा, ग्लाम्सचा सरदार, कॉडॉरचा सरदार, आणि पुढं राजा होणार. ग्लाम्सचा तो आधीपासूनच आहे. कॉडॉरची सरदारकी राजा डंकननं त्याच्या नावे करून टाकलीय, आणि ते आपल्याला आदल्याच प्रवेशात कळलेलं असतं, फक्त मॅकबेथला माहीत नसतं. म्हणजे तिन्हीतलं खरं भविष्य एकच, आणि त्यात सुद्धा खून कर असं एका शब्दानं कुणी म्हणलेलं नाही! कॉडॉरची बातमी आली की लगेच तिथंच माळावर त्याच्या डोक्यात डंकनचा खून येतो आणि अंगावर काटा येतो. तो त्याच्याच डोक्यातून आलाय. त्याच प्रवेशात तो स्वतःला सांगतो पण की नशिबात असेल तर मी हात न हलवता मुकुट मिळेल. इतकं स्वच्छ कळत होतं त्याला.

आमच्यातले एक काका, जन्मभर पत्रिका बघत आलेले माणूस, ते इथं जे बोलले ते सगळ्यांना पटलं. म्हणाले, "अरे मी किती जणांना राजयोग आहे म्हणून सांगितलं असेल, म्हणून कोण साहेबाच्या उरावर बसून गळा दाबतंय का?"

बायकोचं पण तसंच. लेडी मॅकबेथ वाचणाऱ्या वहिनी पहिल्यापासून चिडलेल्या होत्या की सगळेजण तिच्यावरच ढकलतात, आणि त्यांनीच पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशातली जागा काढून दाखवली. तो माघार घेतो तेव्हा ती विचारते की मग हा बेत माझ्यापुढं आधी मांडलास तो कोणत्या जनावरानं? म्हणजे विषय त्यानंच काढलेला. ती भरीस घालते, टोमणे मारते, ते खरंच, तिचा वाटा तिला चुकत नाही, पण सुरुवात त्याची.

आणि बँको! मॅकबेथच्या सोबतचा सरदार, माझ्या मते नाटकाची किल्लीच तो आहे. तोच माळ, त्याच चेटकिणी, त्याला पण भविष्य मिळतं की तुझे वंशज राजे होतील. तो काय करतो? काही नाही. उलट रात्री झोपेत वाईट विचार येतात ते आवर म्हणून प्रार्थना करतो. भविष्य ऐकून सुद्धा माणूस असा वागू शकतो हे दाखवायला तो ठेवलाय असं मला वाटतं. अर्थात पुढं डंकनचा खून होऊन मॅकबेथ राजा झाल्यावर त्याला मॅकबेथचा संशय येतो, मनातल्या मनात म्हणतो की तू हे वाईट मार्गानं मिळवलंस, आणि तरी गप्प बसतो कारण स्वतःच्या भविष्याची आशा सुटत नाही. त्या गप्प बसण्यावर आमचा एक अख्खा रविवार गेला. शेक्सपियरनं ज्या होलिनशेडच्या बखरीतून गोष्ट घेतली त्यात तर बँको कटात सामील आहे, नाटकात त्याला बाहेर काढलाय, कारण त्या वेळचा राजा जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानायचा.

मॅकबेथची सगळ्यात मोठी गोची पण इथंच दिसते, स्वतःच्या वाट्याचं भविष्य खरं धरायचं आणि बँकोच्या वाट्याचं मारेकरी घालून खोटं पाडायला निघायचं. दोन्ही कसं चालेल? चौथ्या अंकात तर तो आपल्या पायानं चेटकिणींकडं जातो, तिथून मॅकडफ नावाच्या सरदारापासून सांभाळ असं ऐकून येतो, मॅकडफ इंग्लंडला पळालेला असतो, तर हा त्याच्या बायकापोरांना मारायला माणसं पाठवतो. ह्याला कुठल्याच भविष्याचा आधार नाही. तो प्रवेश वाचताना लहान मुलाची वाक्यं आमच्यातल्या कॉलेजच्या पोरानं वाचली आणि नंतर कुणालाच पुढं वाचवेना, चहा मागवला.

शेवटी सुसान स्नायडर ह्यांचा एक लेख आहे तो आधी वाचू नका, नाटक संपवून मग वाचा, नाहीतर आपलं आपण भांडायची मजा जाते.

तक्रारी आहेत. छपाई बारीक, पन्नाशीच्या पुढच्यांना चष्मा लावून सुद्धा त्रास होतो. कागद हलका, आणि मधोमध दाबून उघडलं की शिवण नसल्यामुळे पानं सुटायची भीती वाटते, आमच्या एका प्रतीची सुटलीच. पार्सल पण कोपरा दुमडून आलेलं, पण तो पुस्तकाचा दोष नाही. अर्थ इंग्लिशमधूनच इंग्लिशमध्ये दिलेत, त्यामुळे ज्यांना इंग्लिश वाचायची अजिबात सवय नाही त्यांनी एकट्यानं सुरुवात करू नये, सोबत कोणीतरी बसवावं किंवा आधी राजमुकुट वाचून घ्यावं. आणि उच्चार कुठंच दिलेले नाहीत, ते ऑडिओ ऐकून बसवायला लागले.

सगळ्यांनी एकेक प्रत घ्यायची गरज नाही. फोल्जरच्या वेबसाइटवर नुसतं नाटक फुकट आहे, मोबाईलवर अक्षर मोठं करून वाचता येतं, डाव्या पानावरच्या अर्थांसाठी तिघांत एक प्रत धरली तर पुरते. माझ्याकडून ५ पैकी साडेचार, अर्धा बाइंडिंगचा कापला.