पद्मिनीच्या कार्बोरेटरचं किट: घ्या, पण गॅस्केट वेगळं आणा

मार्च २०२० ला सगळं बंद झालं आणि जुळे सोलापुरात दारात पाच वर्षं झाकून ठेवलेली वडिलांची प्रीमियर पद्मिनी मी उघडली. १०८९ सीसीचं इंजिन ठीक होतं, कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) पार चिकटलेला. त्याच्या दुरुस्तीच्या सुट्या भागांचं किट ऑनलाइन मागवलं, जूनमध्ये आलं. पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह चोख बसला, पेट्रोल गळायचं थांबलं. गॅस्केट (जोडातून गळू नये म्हणून मध्ये घालायची पातळ चकती) मात्र भिकार! एक भोक दीड मिलिमीटर सरकलेलं; कात्रीनं वाढवून कसंबसं बसवलं. जेट (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या) रॉकेलात धुवायला चहाची गाळणी घेतली, तेव्हा आठवडाभर चहाला रॉकेलचा वास आणि ही बोलायलाच तयार नाही. (गाळणीचे पैसे किटमध्येच धरा.) गाडी नंतर सिद्धेश्वर तलावापर्यंत एका दमात गेली. परतताना सात रस्त्यावर ढकलावी लागली, पण ती चूक बॅटरीची.