एक्सेलमध्ये कॉलमची रुंदी कायम ठेवून पेस्ट करणे: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

निरनिराळ्या फायलींतील तक्ते दर महिन्याला एका मुख्य फाइलमध्ये आणून बसवणे हा माझ्या कामाचा भाग असल्यामुळे एक्सेलच्या ‘पेस्ट स्पेशल’मधील ‘कॉलम विड्थ्स’ हा पर्याय मी बरेच महिने नियमित वापरत आहे. पर्याय उपयोगाचा आहे. मात्र त्याच्याकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे तो मेनूत पाहून लक्षात येत नाही.

सेलचा रंग, अक्षरांचा प्रकार, कडा आणि आकड्यांची मांडणी या गोष्टी सेलबरोबर जातात, रुंदी मात्र सेलची नसून संपूर्ण कॉलमची असते. त्यामुळे शीटवरील एखादा तुकडा कॉपी करून दुसरीकडे साधा पेस्ट केला, की रंग आणि कडा नीट येतात, पण कॉलम तिथल्या मूळ मापाचेच राहतात. रकमांच्या जागी ##### दिसू लागते आणि लांबलचक नावे शेजारच्या भरलेल्या सेलपाशी अर्ध्यावर कापली जातात. वरच्या अक्षरावर क्लिक करून पूर्ण कॉलमच कॉपी केला तर रुंदीही येते, परंतु मुख्य शीटच्या त्याच कॉलमांत आणखी तक्ते असतील तर त्यांच्यावरच नवा मजकूर चढतो, म्हणून तो मार्ग माझ्या कामाचा नाही.

कंट्रोल, ऑल्ट आणि व्ही एकत्र दाबून मग डब्ल्यू आणि एंटर दाबले, की फक्त रुंदी येते, मजकूर येत नाही. कॉपी केलेल्या भागाभोवतीची हलती तुटक रेघ तोवर टिकून असल्याने लगेच दुसऱ्यांदा साधे पेस्ट करता येते. याउलट आधी साधे पेस्ट करून, मग नुसते कंट्रोल दाबून उघडणाऱ्या छोट्या यादीत डब्ल्यू निवडले, तर मजकूर, सजावट आणि रुंदी एकदमच येतात. एकाच अक्षराला दोन ठिकाणी दोन कामे का दिली असावीत, हे मला अद्याप उमगलेले नाही. पण हाताला वळण पडले की दुसरी पद्धत अधिक जलद वाटते.

आलेली रुंदी पूर्ण कॉलमला लागू होते, म्हणजे त्याच्या वर-खाली असलेले इतर तक्तेही आकसतात किंवा पसरतात. एका शीटवर एकाखाली एक तक्ते रचणाऱ्यांनी हे आधीच गृहीत धरावे. रुंदीचे माप फाइलच्या मूळ फाँटमधील शून्य या अंकाच्या रुंदीवर ठरत असल्याने (कॅलिब्री ११ असताना नेहमीची रुंदी ८.४३ दिसते) मूळ फाँट वेगळा असलेल्या दोन फायलींत तोच आकडा टाकून रुंदी जुळवणे व्यर्थ आहे. ओळींच्या उंचीसाठी तर असा पर्यायच दिलेला नाही. हाताने ठरवलेली उंची न्यायची असेल तर पूर्ण ओळी निवडूनच कॉपी कराव्या लागतात, आणि इतक्या वर्षांत ही उणीव भरून काढली गेली नाही याचे मला खरोखर नवल वाटते.

एक्सेल दोनदा स्वतंत्रपणे सुरू झालेले असेल, तर एका खिडकीतून दुसरीत पेस्ट करताना ‘पेस्ट स्पेशल’ची नेहमीची चौकट उघडतच नाही आणि रुंदीचा पर्याय मिळत नाही, अशा वेळी दुसरी फाइल बंद करून पहिल्याच खिडकीतून उघडणे हा उपाय मला लागू पडला. दोन फायलींच्या थीम (रंग व फाँट यांचे ठरलेले संच) वेगळ्या असतील तर साध्या पेस्टनंतर रंग बदललेले दिसतात, तेव्हा ‘ऑल यूझिंग सोर्स थीम’ निवडावे.

संपूर्ण शीटच हवे असेल तर या खटाटोपात न पडता शीटच्या नावावर उजवे क्लिक करून ‘मूव्ह ऑर कॉपी’मधून प्रत काढावी, कारण रुंदी, उंची आणि छपाईची मांडणी असे सारे त्यात एकत्र येते. फक्त दोन गोष्टी पाहाव्यात. इतर शीटवर अवलंबून असलेली सूत्रे जुन्या फाइलकडेच बोट दाखवत राहतात, आणि जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळी व २५६ कॉलम एवढीच जागा असल्याने नव्या प्रकारच्या फाइलमधील शीट तिच्यात जात नाही.

कंडिशनल फॉरमॅटिंग (ठरावीक अट पूर्ण झाली की सेलची सजावट आपोआप बदलणारे नियम) असलेल्या तक्त्यांवर मात्र मी सजावटीसह पेस्ट करणे सोडून दिले आहे. वारंवार पेस्ट केल्याने एकाच नियमाचे अनेक तुकडे होतात आणि नियमांची यादी वाचण्याजोगी राहत नाही. म्हणून तिथे रुंदी एकदाच बसवून घेतो आणि पुढे दर महिन्याला केवळ ‘व्हॅल्यूज’, म्हणजे सजावटीशिवाय नुसता मजकूर आणि आकडे, पेस्ट करतो.