जेटब्रेन्स मोनो: मराठी मजकूर असलेल्या कोडमध्ये काही महिने वापरल्यानंतर

नाशिकमध्ये बाजार समितीची हिशोबपट्टी किंवा द्राक्ष व्यापाऱ्याचं बिल छापणारा प्रोग्रॅम लिहायचा, तर कोडमध्ये हमाली, तोलाई, क्विंटल, त्र्यंबकेश्वर हे शब्द येणारच. त्यामुळे फॉन्ट निवडताना फक्त इंग्रजी अक्षरं पाहून भागत नाही. पावसाळ्यापासून व्हीएस कोड या एडिटरमध्ये रोज जेटब्रेन्स मोनो हा कोडसाठी बनवलेला फॉन्ट वापरतोय, आणि आता तो बदलायची इच्छा नाही.

मुख्य कारण म्हणजे शून्य आणि कॅपिटल ओ, तसंच एक, स्मॉल एल आणि कॅपिटल आय यांच्यात गोंधळ होत नाही. गाळा क्रमांक, लॉट क्रमांक वाचताना हे फार मोलाचं आहे. स्मॉल अक्षरं उंच असल्याने १४ पिक्सेललाही डोळे ताणावे लागत नाहीत.

लिगेचर, म्हणजे दोन-तीन चिन्हं जोडून एक दाखवणं, मात्र बंद ठेवा. != चं एकच चिन्ह झालं की नवशिक्याला नेमकं काय टाइप करायचं ते कळत नाही. व्हीएस कोडमध्ये ते मुळातच बंद असतं; दुसऱ्या एडिटरमध्ये चालू असेल आणि सेटिंग बदलायचं नसेल तर याच फॉन्टची एनएल आवृत्ती घ्या, तिच्यात लिगेचर नाहीतच. फिरा कोड हा दुसरा फॉन्ट दिसायला छान आहे, पण त्याला खरा इटॅलिक (तिरपं वळण) नाही.

आता देवनागरी. जेटब्रेन्स मोनोमध्ये ती नाही, म्हणून एडिटर सिस्टीममधला कुठलातरी फॉन्ट उचलतो आणि प्रत्येक मशीनवर मजकूर वेगळा दिसतो. फॉन्ट फॅमिली या सेटिंगमध्ये स्वल्पविराम देऊन क्रम असा लिहा: आधी जेटब्रेन्स मोनो, मग नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट, शेवटी मोनोस्पेस (म्हणजे सारख्या रुंदीचा कुठलाही फॉन्ट). हा क्रम उलटा झाला की सगळा कोड वेडावाकडा होतो, कारण नोटोच्या देवनागरी फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंही असतात आणि त्यांची रुंदी सारखी नसते. नवीन फॉन्ट टाकल्यावर एडिटर पूर्ण बंद करून उघडा.

ओळीची उंची १.६ (फॉन्टच्या आकाराच्या १.६ पट) ठेवा. विंडोजवर मूळ सेटिंगमध्ये १४ पिक्सेलला ओळ साधारण १९ पिक्सेलची पडते. तेवढ्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या रफाराला भिडतो. तपासायला 'त्र्यंबकेश्वर, द्राक्षे, तोलाई, शेतकऱ्यांना, मूर्ती, मूर्ती' हे एकाखाली एक लिहून पाहा. ल आणि श हिंदी वळणाचे दिसतील. नोटोत मराठी वळण आहे, पण मजकूर मराठी असल्याचं एडिटर फॉन्टला सांगतच नाही. हे खटकतं, आणि त्यावर सोपा उपाय नाही.

जोडाक्षरांची रुंदी कमी-जास्त असते, त्यामुळे मराठी स्ट्रिंगनंतरच्या (कोडमधल्या अवतरणातल्या मजकुरानंतरच्या) कॉमेंट स्पेस देऊन एका रेषेत आणायच्या फंदात पडू नका. मराठी मजकूर वेगळ्या जेसन फाइलमध्ये (डेटा ठेवायच्या साध्या मजकूर फाइलमध्ये) टाकणं उत्तम. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) तर प्रत्येक अक्षराला ठरावीक घर असतं, तिथे त्र्य तुटलेला दिसला तरी डेटा बिघडलाय असं समजू नका. तीच फाइल एडिटरमध्ये उघडून खात्री करा.

एक तक्रार रुंदीची. प्रत्येक इंग्रजी अक्षर फॉन्टच्या आकाराच्या ०.६ पट रुंद, म्हणजे १४ पिक्सेलला ८.४. शंभर कॉलमच्या (ओळीत शंभर अक्षरं) दोन फाइली शेजारी लावल्या की १६८० पिक्सेल गेले. १९२० च्या पडद्यावर ओळ क्रमांक धरले तर साइडबार मिटवावाच लागतो. आयोसेव्का हा फॉन्ट ०.५ पट असल्याने त्याच दोन फाइली १४०० मध्ये मावतात. लहान लॅपटॉपवर दिवसभर दोन फाइली उघड्या ठेवून काम करणाऱ्यांनी आयोसेव्काच घ्यावा, देवनागरीचं सेटिंग वर सांगितलं तेच.