शहराच्या मूकपटाला साथ कुणाची: पेटी-तबला की कीबोर्ड-लॅपटॉप?

नाशिकवर पाच-सात मिनिटांच्या, संवाद नसलेल्या शॉर्टफिल्म केल्यात आणि पडद्याशेजारी बसून कुणीतरी प्रत्यक्ष वाजवावं असं मनात आहे, तर बजेटच्या आधी एडिटिंग बघा. शॉट लांब आणि निवांत असतील तर पेटी-तबला घ्या. कट झरझर पडत असतील तर कीबोर्ड-लॅपटॉप.

पेटी-तबला जुनाट वाटेल म्हणून बिचकू नका. दादासाहेब फाळके १९१३ मध्ये नाशिकला येऊन चित्रपट काढू लागले, त्या मूकपटांच्या काळात आपल्याकडे थिएटरात हीच वाद्यं वाजायची. पेटीवाल्याचा एक हात भात्यावर अडकतो, पण सूर हवा तितका वेळ धरून ठेवता येतो. गोदाघाटावर पहाटेचं धुकं दहा सेकंद जास्त रेंगाळलं तरी तो सुरावर थांबतो. भांडी बाजारावरची एक फिल्म माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. तांबट घंगाळ ठोकत होता. तबलजीनं ठोक्यावर ठोका दिला नाही, दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत हलकासा ‘ना’ टाकत राहिला, आणि तांबटानं हातोडी खाली ठेवली नेमकी तेव्हा तिहाई (एकच तुकडा तीनदा) संपवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला. अंगावर काटा आला! त्याची नजर पूर्ण वेळ पडद्यावर होती, म्हणूनच ते जमलं.

अडचणी आहेतच. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही. पावसाळी हवेत तबल्याची पुडी (वरचं चामडं) सैल पडून सूर उतरतो, म्हणून दोन फिल्मच्या मध्ये तबला लावायला दोन मिनिटं सोडा. शिवाय वादक एकाच रागात रमले, तर द्वारका चौकातली गर्दीही उदास वाटू लागते.

वेगवान फिल्मचं गणित वेगळं. सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकावर, सुटणाऱ्या बस, सातपूरच्या कारखान्यांतून शिफ्ट संपवून निघालेल्या दुचाक्या. लॅपटॉपवर लय मिनिटाला १२० मात्रांची ठेवली आणि फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची असली, तर एका मात्रेला बरोबर १२ फ्रेम येतात आणि कट मात्रेवर बसवता येतात. शहराच्या वेगासाठी असं बांधीव संगीत करण्याची वाट जुनी आहे. बर्लिनवरच्या १९२७ च्या मूकपटासाठी एडमुंड मायझेल यांनी ऑर्केस्ट्राचं स्वतंत्र संगीत लिहिलं होतं. धोका एकच, पण मोठा: फिल्म जराशी उशिरा सुरू झाली की पुढचा प्रत्येक ठोका चुकतो. म्हणून अख्खा लूप (आधीच बांधून ठेवलेलं संगीत) लावून बसणारा वादक मला नकोच. तुकडे हातानं सोडणारा हवा.

नाशिक ढोल हवा का, असं कुणीतरी विचारतंच. मिरवणुकीची फिल्म उघड्यावर दाखवणार असाल तर जरूर. बंद सभागृहात नको.

जागेवरूनही निवड बदलते. कुसुमाग्रज स्मारकातल्यासारख्या लहान सभागृहात पेटी माइकशिवाय पोचते. मोठ्या कालिदास कलामंदिरात दोन्हींना माइक आणि मॉनिटर (वादकांना स्वतःचं वाजवणं ऐकू येण्यासाठीचा स्पीकर) लागतील. वादकांना पडद्याच्या बाजूला तिरकं बसवा, दिवा झाकलेला द्या, आणि निदान एक तालीम त्याच पडद्यावर, त्याच प्रोजेक्टरवर घ्या. मोबाइलवर फिल्म बघून आलेल्या वादकाला मोठ्या पडद्यावरचे चेहरे तिथेच पहिल्यांदा दिसतात.