आर्मा ३ : लांबून खरा, जवळून कच्चा

गोळी आधी येते, आवाज मागून. 'आर्मा ३' या युद्धाच्या गेममध्ये पहिल्यांदा माझ्या डोक्यावरून गोळी गेली तेव्हा कानाशी चाबूक ओढल्यासारखा 'टच्' आवाज आला आणि क्षणभराने डोंगराकडून 'धप्प'. मागे आबा पेपर वाचत बसले होते. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, माझ्या गेमकडे कधी ढुंकून न पाहणारा. पेपर खाली न ठेवताच म्हणाले, "चारेकशे मीटरवर आहे तो. आधी आड घे." त्या दोन आवाजांमध्ये किती वेळ गेला यावरून मारणारा किती लांब आहे ते ताडता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. हा गेम गोळीबाराच्या इतर गेमपेक्षा वेगळा कुठे आहे, तेही तेव्हाच उमगलं.

झेक कंपनी बोहेमिया इंटरॲक्टिव्हने सप्टेंबर २०१३ मध्ये आणलेला हा गेम. कथा २०३५ सालातली. आल्टिस हे त्यातलं मुख्य बेट २७० चौरस किलोमीटरचं, ग्रीसच्या लेम्नोस (लिम्नोस) बेटावर बेतलेलं. त्या बेटापायी कंपनीच्या दोन कर्मचाऱ्यांना तुरुंग पाहावा लागला. २०१२ मध्ये लष्करी ठिकाणांचे फोटो काढल्याच्या संशयावरून ग्रीक पोलिसांनी त्यांना पकडलं आणि १२९ दिवसांनी जामिनावर सोडलं. आधी गेममध्येही बेटाचं नाव लिम्नोसच होतं, नंतर ते आल्टिस झालं. मला मात्र ते बेट आमच्याकडचंच वाटतं. वाळलेलं पिवळं गवत, उघडे माळ, दगडी बांध. मे महिन्यातला माण-खटाव समुद्रात नेऊन ठेवावा तसं.

या बेटावर तुम्ही मुख्यतः चालता, हे विकत घेण्याआधी माहीत असू द्या. पाठीवर वजन जास्त असेल तर दम लागतो आणि दम लागला की बंदुकीची नळी हलते. गोळी अंतरानुसार खाली पडते, म्हणून नेम धरायची साइट अंतराला जुळवून घ्यावी लागते. दर शनिवारी रात्री आमचा चौदा जणांचा ग्रुप जमतो. पुणे, ठाणे, कोल्हापूर आणि एक जण जर्मनीतून. मी मेडिक, म्हणजे जखमींवर उपचार करणारा. मागच्या महिन्यात आल्टिसवरच्या नेओखोरी गावाच्या वरच्या डोंगरातून आम्ही पस्तीस मिनिटं चाललो, दोनदा पालथे पडून वाट पाहिली, आणि गोळीबार झाला तो जेमतेम चार मिनिटं. पण मेल्यावर परत जिवंत होता येत नाही असा आमचा नियम आहे. पस्तीस मिनिटांची चाल पणाला लागलेली असली की बांधाआडून डोकं वर काढायला खरोखर धीर लागतो. झटपट मरून झटपट उठण्याच्या गेममध्ये ही भीती मला कधीच वाटली नाही.

दुसरं आकर्षण म्हणजे मोकळीक. मोहिमा रचायचा एडिटर गेमबरोबरच येतो आणि आमच्या सगळ्या मोहिमा आम्हीच रचतो. झ्यूस मोडमध्ये एक जण वरून बसून, खेळ चालू असतानाच शत्रूच्या तुकड्या हलवतो. आर्मा मालिकेतल्या गेममध्ये लोकांनी स्वतः बदल करून रचलेल्या आवृत्त्यांमधूनच (मॉड) पुढे डेझी आणि पबजी हे गेम जन्माला आले, यातच सगळं आलं.

आता जवळ जाऊ. चारशे मीटरवर अस्सल वाटणारा हा गेम चार मीटरवर लटपटतो. घरात शिरलात की दार, जिना, भिंत सगळंच अडचण. साधं दार उघडायला किंवा जखमीला पट्टी बांधायला माउसचं चाक फिरवून यादीतून पर्याय निवडायचा, आणि तेवढ्यात कोपऱ्यातला माणूस तुम्हाला आडवा करतो. संगणकाचे सैनिक झुडपाआडचा माणूस नको तितक्या सहज हेरतात, पण त्यांना गाडी द्या, पुलाच्या कठड्याला जाऊन धडकतील. मोठ्या मोहिमेत सैनिक वाढले की गेम अडखळू लागतो. बराचसा भार प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडत आला आहे, त्यामुळे महागडं ग्राफिक्स कार्ड घेऊन हे दुखणं जात नाही. आधी चांगला प्रोसेसर आणि एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बघा.

लांबून मात्र तो इतका खरा दिसतो की त्याचा त्रासच होतो. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत या गेमची दृश्यं खरं युद्ध म्हणून फिरवली गेली. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही रात्रीच्या आकाशात ट्रेसर, म्हणजे चमकत जाणाऱ्या गोळ्या, उडतानाचा एक व्हिडिओ आला. मी तो गेममधला आहे हे सांगेपर्यंत आत्याने देवाजवळ दिवा लावला होता. तिचा मुलगा तेव्हा सीमेवर होता. असे खोटे व्हिडिओ कसे ओळखावेत याच्या खुणा कंपनीनेच २०२२ मध्ये, युक्रेन युद्धाच्या वेळी, जाहीर केल्या होत्या. धूसर चित्र, अंधार, हलता कॅमेरा आणि चित्रात हलणारी माणसं सहसा नाहीतच, अशा त्या खुणा. माणसं जवळून दिसली की गेम उघडा पडतो.

याला एकच अपवाद सांगतो, तो म्हणजे २०१७ चं 'लॉज ऑफ वॉर', या गेमची एक पुरवणी. वेगळे पैसे पडतात, पण घ्याच. त्यात मुख्यतः तुम्ही सैनिक नसता. मदतसंस्थेचा माणूस म्हणून ओरेओकास्त्रो गावात सुरुंग आणि न फुटलेले क्लस्टर बॉम्ब शोधत, डिटेक्टर पुढे धरून पावलापावलाने जायचं. हे सुरुंग कोणी पेरले, बॉम्ब कोणी टाकले, हे मागे जाऊन सगळ्या बाजूंनी पाहायला मिळतं. या पुरवणीच्या त्या वर्षीच्या थेट विक्रीच्या निव्वळ उत्पन्नातला अर्धा वाटा कंपनीने आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीला दिला.

मूळ गेम सेलमध्ये घ्या, किंमत बरीच उतरते. पहिले दहा तास बटणं शिकण्यातच जातील आणि एकटे खेळलात तर कंटाळाल, तेव्हा आधी ग्रुप शोधा. घाई असलेल्याने या वाटेला जाऊ नये.

आबांनी आमची एकही शनिवारची मोहीम पूर्ण पाहिली नाही. सुरुंगांचा तो भाग मात्र खुर्ची पुढे ओढून शेवटपर्यंत पाहिला. मधे एकदाच बोलले, "हळू. अजून हळू."