घरी बनवलेला एलईडी लाइट आणि तीन टायमर, नऊ महिन्यांनंतर

माशांचा टँक दोन फुटी आहे, २४ × १२ × १५ इंच, म्हणजे काठोकाठ भरला तर ७० लिटरच्या आसपास. रेडिमेड लाइटच्या किमती बघून म्हटलं आपणच बनवू, पुण्याच्या तापकीर गल्लीतून १२ व्होल्टची ६५०० केल्विनची (म्हणजे पांढऱ्या उजेडाची) एलईडी पट्टी, ॲल्युमिनियम चॅनल आणि १२ व्होल्ट ५ अँपियरची जाळीवाली एसएमपीएस (घरच्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट डीसी करणारा डबा) आणली. पट्टी अडीच अँपियरच्या आसपास खाते म्हणजे ३० वॉट. लाइट एका रविवारात झाला, नऊ महिन्यांत एक एलईडी पण गेला नाही. डोकं खाल्लं ते टायमरने.

पहिला टायमर साधा, गोल चकती आणि कडेला पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ पिना, साडेचारशेला मिळाला. दुपारी २ ते रात्री ९ लावला. पहिले काही दिवस मस्त आणि मग एकदा रात्री साडेबाराला पाणी प्यायला उठलो तर टँक झगझगीत! वाटलं पिन नीट दाबली गेली नसेल, परत लावली, परत आठवड्याने तेच. टायमर उघडून बघायच्या तयारीत होतो तेव्हा आई म्हणाली, "अरे गुरुवारी लाइट गेली होती ना." बस्स. आमच्या पुण्यात मेंटेनन्स गुरुवारी, आणि या चकतीच्या आत जी बारकी मोटर असते ती डायरेक्ट २३० व्होल्टच्या सप्लायवर फिरते, त्यामुळे लाइट चार तास गेली की टायमर पण चार तास झोपतो आणि उठला की जिथे होता तिथून पुढे चालू. टायमरमध्ये फॉल्ट काहीच नव्हता. पण दर गुरुवारी संध्याकाळी चकती फिरवायची आठवण कोण ठेवणार, तोपर्यंत काचेवर हिरवा थर आलाच होता.

मग प्लगवाला डिजिटल घेतला, आत बॅटरी, लाइट गेली तरी वेळ चुकत नाही. याचे दोन घोळ मी स्वतः केले ते आधी सांगतो. एक, प्रोग्राममध्ये वारांचा गट निवडावा लागतो, माझा नुसता सोमवार राहिला होता, त्यामुळे मंगळवारी मासे अंधारात. दुसरा जास्त फसवा आहे, मॅन्युअल बटणाने ऑन करून तिथून थेट ऑटोवर आणलं की माझा टायमर पुढच्या प्रोग्रामपर्यंत ऑनच राहतो. आधी ऑफवर न्यायचं, मग ऑटोवर यायचं. हे बॉक्समधल्या कागदावर बारीक अक्षरात होतं, मी वाचलं तिसऱ्या दिवशी.

खरा फॉल्ट आला चौथ्या महिन्यात. डिस्प्लेवर ऑफ आणि लाइट चालू. टायमरला बोटाने टिचकी मारली तर टक आवाज होऊन बंद! दोन दिवसांनी परत. आता यात कोण दोषी हे शोधायला सोपी टेस्ट केली, एसएमपीएस काढून तिथे होल्डरमध्ये जुना साधा ६० वॉटचा बल्ब लावला आणि दर दोन मिनिटांनी ऑन-ऑफ होईल असे प्रोग्राम टाकून शेजारी बसलो. बल्बवर एकदाही अडकला नाही. एसएमपीएसवर पंधरा-वीस वेळात एकदा अडकला.

कारण असं की टायमरवर १६ अँपियर लिहिलेलं असतं ते हीटर-इस्त्रीसारख्या लोडसाठी. एसएमपीएसच्या आत मोठा कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) असतो, तो रिकामा असताना सप्लाय दिला की क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो, मग पुढे चालू राहताना भले अर्धा अँपियर पण नसेल. रोज तो झटका बसून टायमरमधल्या रिलेचे (विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट भाजतात आणि चिकटतात. म्हणून "३० वॉटला १६ अँपियरचा टायमर म्हणजे बक्कळ" हा हिशोब इथे चालत नाही. दुकानदार काका म्हणाले एनटीसी (सुरुवातीचा झटका अडवणारा छोटा रेझिस्टर) लाव सिरीजमध्ये, लावता आला असता, पण मला २३० च्या बाजूला अजून एक जोड नको होता.

तिसरा टायमर आता पाच महिने चालू आहे. १२ व्होल्ट डीसीवर चालणारं डिजिटल मॉड्यूल. एसएमपीएस कायम चालू, मॉड्यूल तिच्याच १२ व्होल्टवर, आणि रिलेचा कॉन्टॅक्ट फक्त पट्टीचा प्लस तोडतो. कपॅसिटर भरलेलाच असतो त्यामुळे रोजचा झटका नाही. घेताना मॉड्यूलवरचा व्होल्टेज वाचा, २२० वालं आणि १२ वालं दिसायला सेम टू सेम असतं. नवीन आणल्यावर डिस्प्ले कोरा असेल तर घाबरू नका, काही तास सप्लायवर ठेवा, आतली बॅटरी उतरलेली असते, मग पिनेने रिसेट. महिन्याला मिनिटभर पुढे जातं, चालतंय.

मॉड्यूल आणि एसएमपीएस हूडखाली (टँकच्या झाकणाखाली) ठेवू नका, वाफेने वाट लागते, माझ्या जुन्या कनेक्टरवर हिरवी पूड आली होती. बाजूच्या भिंतीवर लावा आणि वायरला सॉकेटच्या आधी खाली झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी तिथेच टपकेल. प्लग काढल्याशिवाय हात घालायचा नाही हे वेगळं सांगायला नको.

आता सात तासांचे सहा केलेत, काच बरीच स्वच्छ राहते, व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीची पिल्लं मागच्या काचेपर्यंत गेलीत आणि गप्पी दोनच्या आधीच पुढच्या काचेला येऊन थांबतात. चकतीवाला टायमर फेकला नाही, डासांच्या मशीनला लावलाय. शुक्रवारी सकाळी चकती फिरवेपर्यंत तो मागेच असतो, पण डासांनी अजून तक्रार केलेली नाही.