अमेरिकेत जुनं घर घेताय? शिशाच्या तीन नकाशांपैकी कुठला आधी उघडाल

घरात रांगतं मूल असेल आणि बघत असलेलं घर जुनं असेल, तर शिशाच्या धोक्याचे तीन तऱ्हेचे नकाशे समोर येतात.

पहिला, झिप कोडनुसार मुलांच्या रक्ततपासण्यांचा. गडद रंगांमुळे हाच पटकन पटतो. माझ्या मते घर ठरवायला हाच सर्वांत कमी कामाचा. त्यात दिसतात ती मुलं आधीच बाधलेली असतात, आणि जिथे तपासण्याच कमी, तो भाग उगाच निर्धोक दिसतो. शिवाय झिप कोड आखले टपालासाठी. २०१४ मध्ये मिशिगनमधल्या फ्लिंट शहराला नदीचं पाणी सुरू झालं. तिथल्या झिप कोडांत शहराबाहेरची, वेगळं पाणी पिणारी घरंही होती, त्यामुळे मुलांच्या रक्तातलं वाढलेलं शिसं सरासरीत विरून जात होतं. बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अतिशा यांच्या गटाने २०१५ मध्ये मुलांचे पत्ते एकेक करून नकाशावर बसवले, तेव्हा चित्र स्पष्ट झालं.

दुसरा नकाशा घराच्या बांधकाम वर्षाचा. तोच आधी उघडा. ड्यूक विद्यापीठात मेरी लिन मिरांडा यांच्या गटाने नॉर्थ कॅरोलिनातल्या सहा काउंट्यांसाठी मालमत्ता कराच्या नोंदी वापरून घरागणिक धोका मांडला होता. कुणाचं मूल आजारी पडण्याची वाट बघावी लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. घरांसाठी शिशाच्या रंगावर बंदी आली १९७८ मध्ये. १९५० पूर्वीचं घर असेल तर जास्तच सावध. वर-खाली सरकणाऱ्या खिडकीची चौकट घासून त्या रंगाची भुकटी पडते, ती बोटांवरून तोंडात जाते. घरमालकाने माहीत असलेला धोका सांगणं कायद्याने बंधनकारक आहे, पण ‘मला माहीत नाही’ म्हणायला पैसे पडत नाहीत. म्हणून वर्ष बघून थांबू नका, तपासनीस बोलवा.

तिसरा, नळजोडणीच्या पाइपांचा. ऑक्टोबर २०२४ पासून पाणीपुरवठादारांना कुठल्या जोडणीचा पाइप कशाचा आहे, याची यादी ठेवावी लागते. तिच्यात ‘अज्ञात’ असा शेरा आणि घर जुनं, तर पाइप शिशाचाच धरून चाला. शिशासाठी प्रमाणित फिल्टर बसवा. उकळून शिसं जात नाही.

आपल्या घरांतली एक गोष्ट मात्र तिन्हींत नाही: देशातून आणलेली हळद, काजळ, सिंदूर. न्यूयॉर्कच्या आरोग्य विभागाला परदेशातून आणलेल्या मसाल्यांत शिसं सापडलं आहे. त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास रक्ततपासणी मागून घ्या, ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त आलं, तर डॉक्टरांना डब्यातल्या हळदीबद्दलही सांगा.